३ ला ० ने भागलं तर काय येतं? भास्कराचार्यांच्या उत्तराची गोष्ट पाटणच्या मठातून थेट बीबी का मकबऱ्यापर्यंत येते

एक काम करा. मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडा. ३ टाका, भागाकाराचं चिन्ह दाबा, ० टाका आणि बरोबरचं बटण दाबा.

उत्तर येणार नाही. शून्याने भागता येत नाही, असा मेसेज तरी येईल, नाहीतर नुसतं एरर. शाळेत सरांनीही हेच सांगितलं होतं आणि आपण वहीत उतरवून पुढच्या गणिताकडे वळलो होतो.

पण साधारण पावणेनऊशे वर्षांपूर्वी एक माणूस या प्रश्नापाशी थांबला. त्याने या उत्तराला नाव दिलं, त्याचा हिशोब कसा चालतो ते लिहून ठेवलं आणि या उत्तराची तुलना थेट विश्वाच्या निर्मितीशी आणि प्रलयाशी केली. त्या माणसाचं नाव भास्कराचार्य.

आता यात छत्रपती संभाजीनगरचा काय संबंध? तर संबंध एक नाही, दोन आहेत. पहिला देवगिरीच्या यादवांचा. आणि दुसरा तुम्ही ज्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढता, त्या बीबी का मकबऱ्याचा. कसं ते सविस्तर बघू.

सह्याद्रीच्या आश्रयाला राहणारं घराणं

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. ही तारीख कुणी अंदाजाने ठरवलेली नाही. त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात जन्माचं शक देऊन ठेवलं आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला, हेही त्यांनीच नोंदवलं. म्हणजे ग्रंथाचं साल येतं ११५०.

गाव कोणतं, तर विज्जडविड. सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेलं, विद्वानांनी भरलेलं गाव, असं त्याचं वर्णन त्यांनी केलं आहे. गोत्र शांडिल्य. वडिलांचं नाव महेश्वर. हे महेश्वर स्वतः ज्योतिषी आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. म्हणजे घरातच शाळा होती.

हे विज्जडविड आज नेमकं कुठे, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. कुणी कर्नाटकातलं विजापूर म्हणतं, कुणी बीदर, कुणी बीड. महाराष्ट्रातल्या अनेक अभ्यासकांचं बोट मात्र चाळीसगावजवळच्या पाटणकडे जातं. त्यामागे ठोस कारण आहे, त्याकडे पुढे येऊच.

हे पाटण म्हणजे आजचं पाटणादेवीचं ठिकाण. संभाजीनगरहून कन्नडला जायचं, औट्रम घाट उतरायचा, चाळीसगाव गाठायचं आणि तिथून साधारण १८ किलोमीटर. वर डोंगरात पितळखोऱ्याची लेणी, भोवती गौताळ्याचं जंगल. पावसाळ्यात ट्रेकला जाणाऱ्यांना हा भाग नवा नाही.

चार भागांचा एक ग्रंथ

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती. बीजगणितात अव्यक्त राशींची, म्हणजे आपल्या क्ष आणि य ची समीकरणं. ग्रहगणितात ग्रहांच्या गतीचे हिशोब आणि गोलाध्यायात गोलाचं गणित, पृथ्वी आणि आकाश.

लीलावती म्हणजे कोण? भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, चुकलेली वेळ आणि मग मुलीचं दुःख हलकं व्हावं म्हणून बापाने लिहिलेलं पुस्तक. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते फैजीच्या फारसी भाषांतरात. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावती फारसीत नेली. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशे वर्षांहून जास्त काळाने ही कथा कागदावर दिसते.

ग्रंथात दिसतो तो एक रसिक शिक्षक. त्याच्या गणितांमध्ये भुंगे आहेत, हंस आहेत, सापावर झडप घालणारा मोर आहे, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे. कधी तो मुलीला प्रश्न विचारतो, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला.

आणि याच शिक्षकाने शून्याला हात घातला.

शून्याचं भांडण जुनं होतं

शून्याने भागलं तर काय, हा प्रश्न भास्कराचार्यांच्या आधी पाचशे वर्षं फिरत होता.

इसवी सन ६२८ मध्ये भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहिले. कोणत्याही संख्येत शून्य मिळवलं तर ती तशीच राहते, शून्याने गुणलं तर शून्य येतं, हे सगळं त्याने नीट मांडलं. पण भागाकारापाशी गाडी अडली. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्याने सांगितलं. आणि इतर संख्येला शून्याने भागलं तर छेदात शून्य असलेला अपूर्णांक मिळतो, एवढं म्हणून तो थांबला. त्या अपूर्णांकाची किंमत किती, हे त्याने सांगितलं नाही.

पुढे नवव्या शतकात महावीराचार्य आले. हे जैन गणिती, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे घराणं. जैन परंपरेत मोजण्यासारखं, मोजता न येणारं आणि अनंत, असे संख्यांचे वेगवेगळे वर्ग आधीपासून होते. तरी गणितसारसंग्रहात महावीराचार्यांनी सांगितलं की संख्येला शून्याने भागलं तर ती बदलत नाही. म्हणजे ३ भागिले ० बरोबर ३.

ऐकायला बरोबर वाटतं. कुणामध्येच वाटलं नाही तर माल आपल्याकडेच राहणार ना? पण इथे गोची आहे. १ ने भागलं तरी ३ आणि ० ने भागलं तरी ३, मग १ आणि ० यात फरक काय राहिला?

भास्कराचार्यांनी दिलेलं नाव: खहर

भास्कराचार्यांनी वेगळी वाट धरली. ज्या राशीच्या छेदात शून्य आहे, तिला ते खहर म्हणतात. ख म्हणजे आकाश, आणि गणितात ख म्हणजे शून्य. हर म्हणजे छेद. छेदस्थानी शून्य असलेली राशी ती खहर. ३ भागिले ० हेच उदाहरण त्यांनी बीजगणितात घेतलं आणि ही राशी अनंत आहे, असं सांगून टाकलं.

हे डोक्यात कसं आलं असेल, याचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. टोपलीत १२ भाकरी आहेत. दर वेळी ३ उचलल्या, तर ४ वेळा उचलता येतात. दर वेळी १ उचलली, तर १२ वेळा. अर्धी उचलली, तर २४ वेळा. चतकोर उचलली, तर ४८ वेळा. उचलायचा वाटा जितका लहान, तितक्या खेपा जास्त. आता दर वेळी शून्य भाकरी उचला. टोपली कधी रिकामी होईल? कधीच नाही. खेपा संपणारच नाहीत.

पण भास्कराचार्य नाव देऊन थांबले नाहीत. या राशीचा हिशोब कसा चालतो, तेही त्यांनी सांगितलं. खहर राशीत काहीही मिळवा किंवा तिच्यातून काहीही वजा करा, ती बदलत नाही.

हा नुसता विचार नाही, तो अपूर्णांकांच्या नियमातून पडताळता येतो. ३/० मध्ये ५ मिळवून बघा. ५ म्हणजे ५/१. दोन्हींचे छेद समान करायचे, तर पहिल्याच्या अंशाला १ ने आणि दुसऱ्याच्या अंशाला ० ने गुणावं लागतं. अंशात येतं ३ × १ + ५ × ०, म्हणजे ३. छेदात येतं ० × १, म्हणजे ०. उत्तर पुन्हा ३/०. मिळवलेले ५ कुठे गेले ते कळतही नाही. ५ च्या जागी ५ कोटी टाका, तरी तेच.

हे समजावताना त्यांनी जी उपमा वापरली, ती आजही गणिताच्या इतिहासात सांगितली जाते. प्रलयाच्या वेळी सगळे जीव परमेश्वरात विलीन होतात, सृष्टीच्या वेळी त्याच्यातूनच बाहेर पडतात, पण त्या अनंत आणि अच्युत परमेश्वरात काही कमी-जास्त होत नाही. खहर राशीचं तसंच आहे, असं त्यांचं म्हणणं.

पुढे त्यांच्या बीजगणितावर टीका लिहिणाऱ्या कृष्ण दैवज्ञाने सावलीचा आधार घेतला. सूर्य अगदी क्षितिजावर असताना काठीची सावली अनंत लांब. मग काठी वीतभर असो की पुरुषभर, सावली अनंतच.

६३ चं कोडं

आता गंमत बघा. लीलावतीत भास्कराचार्यांनी विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं आहे. एक संख्या घ्या. तिला शून्याने गुणा. जे आलं त्यात त्याचंच निम्मं मिळवा. त्याला ३ ने गुणा. मग शून्याने भागा. उत्तर ६३ येतं. तर मूळ संख्या कोणती?

आपण म्हणू, शून्याने गुणल्यावर शून्यच झालं, पुढे काय उरलं? पण त्यांचा नियम असा की पुढे अजून क्रिया बाकी असतील, तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य करून टाकायची नाही. ती शून्याने गुणलेली आहे, एवढी खूण ठेवायची. तिला त्यांनी खगुण म्हटलं. पुढे शून्याने भागायची वेळ आली, की गुणणारं आणि भागणारं शून्य एकमेकांना काटतात.

मग हिशोब सोपा होतो. संख्या आणि तिचं निम्मं म्हणजे दीडपट. त्याची तिप्पट म्हणजे साडेचारपट. साडेचारपट जर ६३, तर संख्या १४.

आजचा गणिताचा शिक्षक यावर भुवया उंचावेल. शून्य असं काटता येत नाही. बरोबर आहे. पण शून्याच्या जागी एक अगदी बारीक संख्या ठेवून बघा, समजा ०.००१. १४ ला तिने गुणलं तर ०.०१४. त्यात निम्मं मिळवलं तर ०.०२१. तिप्पट केलं तर ०.०६३. आणि ०.००१ ने भागलं तर ६३. ती बारीक संख्या आणखी हजारपट लहान घ्या, उत्तर ६३ च राहतं. शून्याच्या जवळ जवळ जात राहायचं आणि उत्तर कुठे स्थिरावतं ते बघायचं. अकरावी-बारावीत याच कल्पनेला लिमिट म्हणतात.

या प्रकारच्या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असं भास्कराचार्यांनी तिथेच नमूद केलं आहे. आणि ते उगाच नाही.

चंद्राचा स्पीडोमीटर

समजा तुम्ही क्रांती चौकातून वाळूजला बाईकवर निघालात. एकूण अंतराला एकूण वेळाने भागलं की सरासरी वेग मिळतो. पण बाबा पेट्रोल पंपाजवळून जाताना त्या क्षणी वेग किती होता? त्यासाठी वेळेचा तुकडा लहान लहान करत जावं लागेल. पूर्ण शून्य वेळ घेतला तर अंतरही शून्य, आणि हिशोब होतो शून्य भागिले शून्य. तोच जुना पेच.

भास्कराचार्यांपुढे बाईक नव्हती, चंद्र होता. चंद्र झपाट्याने सरकतो आणि त्याचा वेग सतत बदलतो. दिवसभराची सरासरी गती घेतली तर तिथी कधी संपते आणि ग्रहण कधी लागतं, हे चुकू शकतं. म्हणून त्यांनी तात्कालिक गती वापरली, म्हणजे त्या त्या क्षणाची गती. त्यासाठी ज्या म्हणजे साईनमधला बारीक फरक कोटिज्येच्या म्हणजे कोसाईनच्या प्रमाणात बदलतो, हा नियम त्यांनी हाताळला. आज कॅल्क्युलसच्या पहिल्या काही धड्यांमध्ये विद्यार्थी हेच शिकतात.

गोलाचं पृष्ठफळ आणि घनफळ काढतानाही त्यांनी हीच युक्ती केली. गोलाचे बारीक तुकडे कल्पायचे, एकेकाचं माप घ्यायचं आणि बेरीज करायची.

मग भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी कॅल्क्युलस शोधलं का? तसे फॉरवर्ड तुमच्या व्हॉट्सॲपवर आले असतील. खरं उत्तर असं की त्या वाटेवरची काही महत्त्वाची पावलं त्यांनी टाकली. सगळ्या प्रश्नांना लागू पडेल अशी पूर्ण पद्धत त्यांनी उभी केली नव्हती. गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असं त्यांनी गोलाध्यायात लिहिलं आहे, पण ती किती ओढते याचं सूत्र मांडलं ते न्यूटनने. त्यांनी जे केलं तेच एवढं मोठं आहे, की त्यात भर घालायची गरज नाही.

एकच नमुना घ्या. एका संख्येचा वर्ग करायचा, त्याला ६१ ने गुणायचं, १ मिळवायचा आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने उत्तर काढलं: २२,६१,५३,९८०. फ्रान्सच्या फर्माने हेच कोडं युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून घातलं ते १६५७ मध्ये.

मग त्यांचं काय चुकलं?

३ भागिले ० म्हणजे अनंत, हे उत्तर आजचं शाळेतलं गणित मान्य करत नाही. का ते बघू.

१२ भागिले ४ बरोबर ३, हे आपण ताडून बघतो ३ × ४ = १२ असं करून. त्याच न्यायाने ३ भागिले ० जर अनंत, तर अनंत × ० बरोबर ३ यायला हवं. पण ५ भागिले ० सुद्धा अनंतच. मग अनंत × ० बरोबर ५ ही यायला हवं. म्हणजे ३ आणि ५ सारखेच! सगळं अंकगणित कोसळलं.

भास्कराचार्यांच्या मांडणीत हाच ताण आहे. ३/० आणि ५/० यांच्या अंशांची खूण जपली, तर परत शून्याने गुणून ३ आणि ५ वेगळे मिळवता येतात. पण दोन्ही एकच न बदलणारं अनंत मानलं, तर ती खूण पुसली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालत नाहीत.

हा गुंता सुटायला १९ वं शतक उजाडावं लागलं. जर्मनीत गेऑर्ग कॅंटरने १८७४ पासून अनंताचं गणितच नव्याने मांडलं. त्यात अनंतात १ मिळवला तरी अनंत, अनंतात अनंत मिळवलं तरी अनंत. भास्कराचार्यांचा न बदलण्याचा नियम इथे बेरजेपुरता टिकतो. डेव्हिड हिल्बर्टने यावर अनंत खोल्यांच्या हॉटेलचं उदाहरण दिलं होतं. आपल्याकडचं करायचं तर घृष्णेश्वराजवळ अनंत खोल्यांचं भक्तनिवास आहे आणि शिवरात्रीला ते पूर्ण भरलं आहे. एक भाविक आणखी आला. व्यवस्थापक सगळ्यांना सांगतो, आपापल्या पुढच्या खोलीत सरका. १ मधला २ मध्ये, २ मधला ३ मध्ये. पहिली खोली मोकळी. भाविकाची सोय झाली.

वजाबाकीत मात्र खेळ बिघडतो. १, २, ३ अशा सगळ्या संख्यांमधून फक्त सम संख्या काढा, विषम उरतात, त्याही अनंत. ४ पासून पुढच्या सगळ्या काढा, उरतात ३. सगळ्याच काढा, उरतं शून्य. तिन्ही वेळा अनंतातून अनंतच काढलं आणि उत्तरं तीन आली. म्हणून अनंत वजा अनंत याला ठरावीक उत्तर नाही. आणि कॅंटरने तर दाखवून दिलं की सगळी अनंतं सारखी नसतात, काही अनंतं दुसऱ्यांपेक्षा मोठी असतात.

पण भास्कराचार्यांचं उत्तर मोडीत निघालं असं समजू नका. संगणकातल्या दशांश अपूर्णांकांच्या हिशोबासाठी १९८५ मध्ये एक मानक ठरलं. त्यात ३ भागिले ० चं उत्तर इन्फिनिटी असं धरलं आहे. लॅपटॉपवर ब्राउझरचा कन्सोल उघडून ३/० टाका, इन्फिनिटी छापून येईल. त्यात ५ मिळवा. पुन्हा इन्फिनिटी. अगदी खहर. शून्य भागिले शून्य टाकलं तर मात्र ही संख्याच नाही, असं उत्तर येतं.

देवगिरीचं बोलावणं आणि पाटणचा मठ

आता परत आपल्या भागात येऊ.

भास्कराचार्य दीर्घायुषी होते. वयाच्या ६९ व्या वर्षी, म्हणजे ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. त्यानंतर काही वर्षांतच यादव भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली. तेच आपलं दौलताबाद. आणि या राजधानीला ज्योतिषी आणि पंडित हवे होते.

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याला पाटणहून बोलावून घेतलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा जैत्रपालाच्या मुलाचा, म्हणजे सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्याच पदरी होता. त्याचा १२२२ चा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला आहे.

चांगदेवाने एक मोठं काम केलं. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ च्या श्रावणात, चंद्रग्रहणाच्या दिवशी, या मठाला दान दिलं. जो मठ ग्रहणाचं गणित शिकवणार, त्याला दान ग्रहणाच्याच दिवशी.

याचा शिलालेख पाटणला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून १८६५ मध्ये जगापुढे आणला. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची घराण्याची वंशावळ त्यातूनच कळली. लक्ष्मीधराला याच गावातून नेलं, हेही त्यातच आहे. पाटणचा दावा ठोस आहे, तो या दगडामुळे.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटी तो जुन्या मराठीत येतो. राजाचं दान संपून गावाचं दान सुरू होतं तिथे. पाटणच्या बाजारात माल विकला गेला की त्यावरच्या सरकारी उत्पन्नातला वाटा मठाला. नगराकडून वाटा. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. अनंताचं गणित शिकणाऱ्या पोरांचे दिवे या पळीपळी तेलावर जळत होते, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं का महत्त्वाचं? कारण ग्रंथ लिहिला म्हणून टिकत नाही. तो कुणीतरी शिकवावा लागतो, नकलून ठेवावा लागतो आणि त्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांचं राज्य संपलं. पाटणच्या मठातला पाठही केव्हातरी थांबला. पण तोवर भास्कराचार्यांची पुस्तकं देशभर पोचली होती.

मकबरा बांधणाऱ्याने वाचलेलं पुस्तक

आणि आता दुसरा संबंध.

उस्ताद अहमद लाहोरी हे नाव ताजमहालाचा मुख्य वास्तुविशारद म्हणून घेतलं जातं. त्याचा मुलगा अताउल्ला रशीदी. या अताउल्लाने १६३४-३५ च्या सुमारास भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत आणलं आणि ते शाहजहानला अर्पण केलं. ज्यात खहर आहे, तेच हे पुस्तक.

पुढे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचं १६५७ मध्ये निधन झालं. तिच्या स्मरणार्थ आपल्या शहरात मकबरा उभा राहिला. त्याची रचना केली अताउल्लाने. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर त्याचं नाव आजही कोरलेलं आहे, सोबत हंसपत राय याचंही.

म्हणजे या डोंगररांगेच्या पायथ्याशी ज्या घराण्याची विद्या वाढली, तिचं पुस्तक आग्रा-दिल्लीकडच्या एका तरुणाने फारसीत नेलं. आणि तोच माणूस काही वर्षांनी इमारत बांधायला याच मुलखात आला.

गोष्ट इथेही संपत नाही. ईस्ट इंडिया कंपनीतल्या एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये बीजगणित इंग्रजीत छापलं, ते याच अताउल्लाच्या फारसी भाषांतरावरून. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरची इंग्रजी लीलावती निघाली. १८१७ मध्ये कोलब्रुकने लीलावती आणि बीजगणित थेट संस्कृतातून भाषांतरित केले. संस्कृत, फारसी, इंग्रजी असा प्रवास करत खहर राशी युरोपात पोचली.

तर पुढच्या वेळी मकबऱ्यात गेलात, की फोटो काढायच्या आधी मुख्य दरवाजापाशी दोन मिनिटं थांबा आणि अताउल्लाचं नाव शोधा. आणि पावसाळ्यात पाटणादेवीला गेलात, तर धबधब्याकडे पळण्याआधी तो शिलालेख बघून या. ज्या गावाने घाण्यामागे पळीभर तेल देऊन भास्कराचार्यांचं गणित जिवंत ठेवलं, त्या गावाची ती पावती आहे.